नानांच्या राउटरचं दार

कंपनीच्या बसमध्ये रोज जाऊन-येऊन अडीच तास काढणाऱ्या माणसांकडे किस्से साठतातच. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. रोज तीच सीट, तीच माणसं, आणि कुणाच्या तरी घरी काहीतरी घडलेलं असतंच.

आमची बस सिंगापुरातल्या पुंगोलहून सकाळी सव्वासहाला सुटते आणि जुरोंग आयलंडवरच्या प्लांटला पोचेपर्यंत साडेसात होतात. सकाळी सगळे झोपलेले असतात. बोलणं होतं ते परतताना. दिवसभर गेटवर जमा असलेले फोन तेव्हा हातात परत येतात आणि प्रत्येकाला आपापलं घर आठवतं. घर म्हणजे पुंगोलचा फ्लॅट नव्हे, तिकडचं घर.

मागच्या सीटवर आम्ही तिघं मराठी. सेफ्टी खात्यातले भालेराव, वय सत्तावन्न, मूळचे नाशिकचे, इथे आता कायमचे. लॅबमधली अश्विनी, सासर कोल्हापूरचं. आणि मी मेधा, मिरजेची, इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. प्लांटमधले मीटर आणि व्हॉल्व्ह नीट चालतात की नाही हे बघणं माझं काम. तिघांचंही कुणी ना कुणी तिकडे एकटं राहतं. भालेरावांची आई, अश्विनीच्या सासूबाई आणि माझे वडील, म्हणजे नाना.

तीन घरं, तीन राउटर. सुरुवात झाली ती केसांच्या आकड्यापासून.

*

भालेरावांच्या आई चौऱ्याऐंशीच्या. घरातलं नेट बंद पडलं की त्या मुलाला फोन करायच्या आणि भालेराव सांगायचे, "आई, राउटरच्या मागचं छोटं बटण दाब." त्यांना म्हणायचं असायचं चालू-बंदचं बटण. आईंना त्याच्या शेजारी, त्याहून छोटं असं एक भोक सापडलं. त्यात केसांचा आकडा घालून त्यांनी निश्चयाने दहा सेकंद दाबून धरला. राउटर कारखान्यातून आला तेव्हा होता तसा कोरा झाला.

हे महिन्यात चार वेळा झालं. चौथ्या वेळी भालेराव जरा चिडले. "आई, त्या भोकात आकडा घालायला तुला कुणी सांगितलं?"

"तूच म्हणालास, छोटं दाब. त्याच्याहून छोटं तिथे काही नाही. मी बघितलंय नीट."

भालेराव अस्सल सेफ्टीचा माणूस. बसमध्ये आम्हाला म्हणाले, "सूचना अपुरी होती. चूक माझी आहे."

यावर तिथल्या केबलवाल्याने तोड काढली. राउटरचं स्वतःचं एक छोटं वेबपान असतं. नाव, पासवर्ड, सगळी व्यवस्था तिथूनच चालते. एरवी ते पान घरातल्या घरातच उघडतं. "साहेब, रिमोट चालू करून देतो," तो म्हणाला, "तुम्ही सिंगापुरात बसून उघडा, तिथूनच दुरुस्त करा. आजींना त्रास नाही." भालेरावांनी करून घेतलं. त्यांचं बघून मी, माझं बघून अश्विनीने.

मिरजेच्या केबलवाल्याला मी पासवर्ड विचारला. तो म्हणाला, "अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. सोपा ठेवलाय मॅडम, विसरायला नको."

मी त्याला थँक्यू म्हणाले. हे मुद्दाम सांगते, कारण यापुढे मी बरीच शहाणी होणार आहे.

*

माझे नाना रेल्वेत स्टेशन मास्तर होते. आई गेल्यावर मी हॉलमध्ये कॅमेरा लावायचं काढलं, तर म्हणाले, "मी काय प्लॅटफॉर्म आहे?" विषय तिथेच संपला. स्वतःहून फोन करायची त्यांना सवय नाही, आणि आपण केला तर "ठीक आहे, ठेवतो."

पण राउटरच्या त्या पानावर एक यादी असते. या क्षणी घरातली कोणकोणती उपकरणं नेटला जोडलेली आहेत, त्याची. यादीत 'नाना-टॅब' दिसला की समजायचं, नाना दुपारचे झोपून उठले, पेपर वाचत बसलेत, ठीक आहेत. संध्याकाळी सहाला बसमध्ये बसलं की मी आधी ती यादी उघडायची. तिकडे तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. माझ्या दिवसातलं ते सर्वात महत्त्वाचं अर्धं मिनिट होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

एके दिवशी राउटरचा आकड्यांचा पत्ता टाकताना बस वळली आणि शेवटचा आकडा चुकला. तरी पान उघडलं. तेच निळं पान. सवयीने अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन टाकलं आणि आत गेले. यादीत नानांचा टॅब नव्हता. चार भलतीच नावं होती. 'डेंटल-रिसेप्शन', 'एक्सरे-पीसी', 'डॉक्टर-मोबाइल' आणि 'बबडी-टॅब'.

काय झालंय ते कळायला मला वेळ लागला. केबलवाल्याने गिऱ्हाइकांना नंबर ओळीने वाटले होते. एक आकडा चुकला आणि मी मिरजेतल्या कुणाच्या तरी दवाखान्यात जाऊन उभी राहिले होते.

पान घाईघाईने बंद केलं. अश्विनी म्हणाली, "अगं, चुकून झालं. एवढं काय."

"मी चुकून शिरले, तर पाच सेकंद लागले. मुद्दाम शिरणाऱ्याला किती लागतील? आणि नानांच्या घराचा नंबर याच्या शेजारचाच आहे."

बस नुकतीच बेटाच्या चेकपॉइंटमधून बाहेर पडली होती. भालेराव मागे वळून त्या गेटकडे बघत राहिले. "इथे पास दाखवल्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही," ते म्हणाले. "आणि आईचं घर मी सगळ्या जगाला उघडं ठेवलंय." मग त्यांनी बॅगेतून वही काढून माझ्या हातात दिली. "अपघात होता होता टळला की प्लांटमध्ये काय करतो आपण? लिहून काढतो. लिही."

मी लिहिलं. चालत्या बसमध्ये अक्षर वाईट आलं.

*

डॉक्टरांना सांगायलाच हवं होतं. दातांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला एकच आहे. नानांना फोन करून सगळं सांगितलं, ती चार नावंही दिली. नाना चपला घालून निघाले.

पुढचं मला डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं. ती आमच्या शेजारच्यांची भाची. दवाखान्यात दहा-बारा पेशंट बसलेले. नाना तिला म्हणाले, "दात नाही. सुरक्षेचं काम आहे." तिने घाबरून त्यांना सर्वात आधी आत सोडलं.

नाना म्हणाले, "डॉक्टर, काल माझी मुलगी तुमच्या दवाखान्यात येऊन गेली."

"हो का? मी तपासलं का त्यांना?"

"नाही. तुम्हाला दिसली नसेल. ती सिंगापूरला असते."

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आजोबा, दुखतंय कुठे?"

नाना जागचे हलले नाहीत. खिशातून कागद काढून त्यांनी चारही नावं वाचली. पहिल्या तिन्हीला डॉक्टर नुसते ऐकत होते. 'बबडी-टॅब' म्हटल्यावर ताडकन उभे राहिले. "बबडी आम्ही फक्त घरात म्हणतो. माझी मुलगी आहे ती. शाळेतून इथे येते, अभ्यास करत बसते."

त्याच दिवशी दवाखान्याच्या राउटरचं बाहेरचं दार बंद झालं. नाना नको नको म्हणत असताना त्यांना खुर्चीत बसवून डॉक्टरांनी दातही साफ करून दिले.

*

आता एक किस्सा, जो मला सांगायला आवडत नाही.

नाना तीन आठवडे सांगत होते, "पेपर उघडला की पत्ते येतात." म्हणजे रमीच्या जाहिराती. पानभर. मी तीन आठवडे एकच उत्तर देत होते, "तुम्ही काहीतरी दाबलं असणार."

"मी काही दाबलेलं नाही."

"चुकून दाबलं असेल."

"चुकूनही नाही."

दवाखान्याच्या प्रकारानंतर एका शनिवारी मी नानांच्या राउटरचं एकेक पान तपासायला बसले. कोण कधी आत आलं याची नोंद त्यात असते. माझी रोजची सहाची नोंद होती. आणि माझ्या नसलेल्या अकरा नोंदी होत्या. पहिली बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची.

कुठल्याही साइटचं नाव टाकलं की ती नेमकी कुठे आहे हे राउटर एका ठरलेल्या ठिकाणी विचारून घेतो. येणाऱ्याने ते ठिकाणच बदलून ठेवलं होतं. आता नाना पेपर मागत होते आणि भलताच कुणीतरी त्यांना वाट दाखवत होता.

सेटिंग पूर्ववत केलं, पासवर्ड वीस अक्षरी केला आणि नानांना फोन लावला. "नाना, तुमची चूक नव्हती." मग जमेल तसं समजावून सांगितलं.

नानांना लगेच कळलं. "म्हणजे सांधा बदलला. गाडी आपलीच, नावही तेच, पण गेली दुसऱ्या रुळावर."

"हो."

"सांधे बदलणाऱ्याला केबिनमध्ये घेतलं कुणी?"

"मी," मी म्हणाले. "दार मी उघडं ठेवलं होतं. आणि वर तुम्हालाच बोलत होते."

मला वाटलं आता म्हणतील, ठीक आहे, ठेवतो. पण त्यांनी ठेवला नाही. म्हणाले, "कळलं हे बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, खरंच दाबतोय की काय मी काहीतरी. वय झालं."

वीस वर्षं मी मोठमोठ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह सांभाळते. कुठे काही बिघडलं तर यंत्राआधी माणसाला दोष द्यायचा नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्या शनिवारी मी ठरवलं, हे दार मी बंद करणार. कुणाकडून करून घेणार नाही, स्वतः करणार, आणि असं करणार की नानांना परत कधी स्वतःवर शंका घ्यावी लागणार नाही.

*

अश्विनीचा नवरा निखिल चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत नेटवर्कचं काम बघतो. कमी बोलतो. रविवारी आम्ही पुंगोलच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या गाळ्यावर कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायला बसलो, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"राउटरचं पान उघडतेस त्या पत्त्याच्या आधी कुलपाची खूण येते का, मेधाताई?"

"नाही. साधाच पत्ता आहे."

"मग तो वीस अक्षरी पासवर्ड तू पोस्टकार्डावर लिहून पाठवलास."

मी कप खाली ठेवला. "आता काय करू?"

"बाहेरचं दार बंदच कर. राउटरचं पान बाहेरून दिसायलाच नको."

"मला रोज बघायचं असतं रे."

"मग व्हीपीएन लाव. तुझा फोन आणि नानांचं घर यांच्यात एक बंद रस्ता. किल्ली फक्त तुझ्या फोनमध्ये. त्या रस्त्याने आधी घरात यायचं, मग घरातूनच पान उघडायचं. बाहेरच्याला दार दिसतच नाही." मग म्हणाला, "दे इकडे, दहा मिनिटांत करून देतो."

"नको. तू सांग. मी करते."

अश्विनी आता म्हणाली, "दहा मिनिटं मोकळी असतील तर कोल्हापूरचं कर की. बँकेचं जाळं सांभाळतोस आणि तुझ्या आईचा राउटर अजून अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन आहे."

निखिल कोपी पीत राहिला. पण त्याच संध्याकाळी त्याने आईला फोन लावून नवा पासवर्ड सांगायला घेतला. "आई, कॅपिटल के."

"म्हणजे जाड के?"

"मोठा. उंच."

"उंच काढला तर चौकटीत मावेल का?"

त्यांची आठ वर्षांची लेक सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजी, एनीहाऊ टाइप लाह." म्हणजे, कसंही टाइप कर.

दहा मिनिटांच्या कामाला पन्नास मिनिटं लागली. पण पासवर्ड बदलला.

*

व्हीपीएन शिकायला मला दोन आठवडे लागणार होते. तोवर तात्पुरता उपाय म्हणून मी राउटरला सांगून ठेवलं, पान फक्त माझ्या पुंगोलच्या घरच्या इंटरनेटच्या नंबरावरून उघडायचं, बाकी कुणालाही नाही. रोजची यादी मी आता बसऐवजी घरी पोचून बघू लागले.

भालेरावांनी विचारलं, "आणि तुझाच नंबर बदलला तर?"

"कशाला बदलेल?"

अकराव्या दिवशी बदलला. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन आमच्या घरातला जुना बॉक्स काढून नवा लावून गेला. माझ्या नवऱ्याने आनंदाने सही केली. संध्याकाळी मी पान उघडायला गेले तर राउटरने मलाच ओळख दाखवली नाही. आता नानांच्या घरात चोर शिरू शकत नव्हता आणि मीही शिरू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये भालेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काम फसलं तर मागे कसं यायचं, हे लिहिल्याशिवाय मी कुणाला पाना उचलू देत नाही. तू लिहिलं होतंस?"

"नाही."

"मग आता लिही."

चेकपॉइंटपासून पुंगोलपर्यंत मी लिहीत होते. चौदा पायऱ्या झाल्या. भालेरावांनी चष्मा लावून त्या वाचल्या, दोन पायऱ्या खालीवर केल्या आणि अकराव्या पायरीखाली लाल रेघ मारली. 'नवा रस्ता चालू असल्याची खात्री झाल्याशिवाय जुना बंद करायचा नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

अश्विनी म्हणाली, "त्यापेक्षा केबलवाल्याला पाठव ना घरी."

"ज्याने अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन ठेवलं त्यालाच? नाही. आता घरात एकच माणूस आहे ज्याला ते पान उघडतं. नानाच करतील."

"त्यांना जमेल?"

मी कागदाचा फोटो काढला आणि नानांना पाठवला.

*

रविवारी आमच्याकडे अकरा वाजले होते, मिरजेत साडेआठ. निखिल माझ्या शेजारी बसला होता, मात्र न बोलण्याच्या अटीवर. फोन स्पीकरवर.

"नाना, पहिली पायरी सांगते."

"थांब. प्रायव्हेट नंबर दे."

"कसला नंबर?"

नानांनी समजावलं. रेल्वेचं फाटक स्टेशनपासून लांब असतं. स्टेशन मास्तर फोनवर गेटमनला सांगतो, फाटक बंद कर. गेटमन नुसतं 'केलं' म्हणाला तर चालत नाही. दोघांकडे आकड्यांचे आपापले कागद असतात. काम झालं की त्यातला पुढचा आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा, आणि एकदा वापरला की काट मारायची. "म्हणजे बोलणारा आपलाच माणूस आहे आणि काम खरंच झालंय, हे दोघांना कळतं. तू तुझा कागद कर. माझा तयार आहे."

निखिलला राहवलं नाही. "हे तर ओटीपी झालं."

"हे आमच्याकडे होतं तेव्हा तुमचे कॉम्प्युटर नव्हते," स्पीकरमधून नाना म्हणाले.

मी कागद केला. मी एक पायरी सांगायची, नाना ती शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचे, करायचे, मग "झालं, नंबर एकोणतीस," मी "मिळाला, चौऱ्याहत्तर." कुठे घाई नाही, कुठे 'मला काय कळतंय यातलं' नाही. मला कधी दिसलेच नव्हते ते नाना. मी लहान असताना ते ड्यूटीवर जायचे, तिथे असे असणार.

सहावी पायरी अवघड होती. राउटरची आतली प्रणाली अपडेट करायची. त्याला चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वीज गेली तर राउटर कायमचा निकामी. "नाना, राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला लागेल."

"काल घेतला. कागद वाचलाय मी."

दुसऱ्या मिनिटाला मिरजेत वीज गेली. गाडी पाच मिनिटं उशिरा आहे अशा आवाजात नानांनी कळवलं, "लाइट गेले."

"राउटरचा दिवा?"

"लुकलुकतोय."

मी आणि निखिल समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. मिरजेतून नानांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"हिरवा. स्थिर. नंबर छप्पन्न."

मग नववी पायरी. त्यासाठी नानांना उपकरणांची यादी उघडावी लागली. ते थांबले. "यात 'नाना-टॅब' आहे. म्हणजे मी दिसतो तुला इथे?"

"हो."

"रोज बघतेस?"

"रोज. तुमचे साडेतीन वाजता."

निखिल हळूच उठून बाल्कनीत गेला.

"यातून मी उठलोय एवढंच कळतं," नाना म्हणाले. "कसा उठलोय ते कळत नाही."

"फोन केला तर तुम्ही लगेच ठेवता."

पलीकडे कागद खरखरला. "नाही ठेवणार," नाना म्हणाले. "दहावी पायरी सांग. नंबर सव्वीस."

*

सोमवारी सहाच्या बसमध्ये मी फोनवर नवा रस्ता सुरू केला. वरच्या कोपऱ्यात किल्लीची खूण आली. राउटरचं पान उघडलं, यादी दिसली, यादीत नाना-टॅब. तेव्हाच, भालेरावांच्या लाल रेघेप्रमाणे, मी जुनं बाहेरचं दार बंद केलं. मग निखिलला मेसेज केला, बाहेरून उघडून बघ.

त्याने हरतऱ्हेने प्रयत्न केले आणि शेवटी स्क्रीनचा फोटो पाठवला. 'हे पान उघडू शकत नाही.' एवढंच त्यावर लिहिलेलं. मी तो फोटो अख्ख्या मागच्या सीटला दाखवला.

पुढच्या शनिवारी भालेरावांनी आईंचं काम घेतलं, नानांच्याच पद्धतीने. पण आईंना आकड्यांचा कागद पसंत पडला नाही. "आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत. मी देवाचं नाव घेत जाईन." मग प्रत्येक पायरीला नाशिकहून उत्तर यायला लागलं. "झालं, गणपती." "झालं, मारुती." "झालं, खंडोबा."

बाराव्या पायरीला भालेरावांनी विचारलं, "आई, झालं का?"

"काम झालंय रे. देव आठवतेय."

*

त्यानंतर काही महिने सगळं शांत होतं. नानांना मी आता रोज फोन करत होते आणि ते ठेवत नव्हते. यादी मात्र मी बघायचीच. सवय.

एके संध्याकाळी यादीत नाना-टॅबच्या खाली एक नवी ओळ दिसली. 'अनोळखी उपकरण'. तीन वाजून दहा मिनिटांनी जोडलेलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तीन दहा. तिसऱ्या दिवशीही.

भालेराव म्हणाले, "बाहेरून आलंय?"

"नाही, बाहेरून येता येत नाही. घराच्या वायफायवर आहे. म्हणजे वायफायचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय."

फोनवर नानांना सहज विचारलं, पासवर्ड कुणाला दिला होता का. ते म्हणाले, "मी कुणाला देणार." मग मिरजेत ऊन किती वाढलंय ते सांगायला लागले.

चौथ्या दिवशी, तीन दहाला, ती ओळ परत आली. इतकी मेहनत करून बंद केलेल्या घरात मी कुणालाही फुकट फिरू देणार नव्हते. त्या ओळीवर बोट ठेवलं, 'ब्लॉक' दाबलं. ओळीपुढे लाल खूण आली. अश्विनीने टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर गेटवर फोन हातात घेतला, तर नानांचे सात मिस्ड कॉल. आयुष्यात कधी स्वतःहून फोन न करणारा माणूस, आणि सात. बसच्या रांगेतूनच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"नाना, काय झालं? बरं आहे ना?"

"नेट बंद आहे."

मी एका हाताने यादी उघडली. "नाही हो. चालू आहे. तुमचा टॅब दिसतोय मला."

"माझं चालू आहे."

"मग बंद कुणाचं आहे?"

पलीकडे कपबशीचा आवाज झाला. बस सुरू झाली. भालेराव आणि अश्विनी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"शैलाताईंचं," नाना म्हणाले.

"शैलाताई कोण, नाना?"

"तू आधी चालू कर."

मी लाल खूण काढली. "केलं."

यादीत ती ओळ परत आली. मग स्वयंपाकघराच्या बाजूने, फोनपासून लांब, एका बाईंचा आवाज आला. "आलं हो, आलं."

"आलं," नानांनी मला कळवलं आणि फोन बंद केला.